दुर्बिणीला लावलेलं कुंकू

मित्रांनो, मला एकच डोळा आहे आणि तोही आता धड राहिलेला नाही. तरी या एका डोळ्याने जे पाहिलं ते तुमच्या दोन डोळ्यांना कधी दिसायचं नाही, एवढा तोरा मला म्हातारपणीही आहे. मी जनावरांच्या दवाखान्यातला जुना सूक्ष्मदर्शक आहे. डॉक्टर मला मायक्रोस्कोप म्हणतात. बैल-म्हशी घेऊन येणारी माणसं सरळ ‘दुर्बीण’ म्हणतात आणि मला बाईमाणूस करून टाकतात. मी सगळ्या नावांना ओ देतो. माझं घर हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यात, साखऱ्याच्या बाजूला आहे. गावाचं नाव मात्र सांगणार नाही. पुढे जे सांगायचं आहे त्यात माझ्या घराची बेअब्रू आहे, आणि काही झालं तरी ते माझं घर आहे.

माझा जन्म अंबाल्याच्या एका लहानशा कारखान्यातला. लोखंडी पाय, पितळी चाकं, वर एक नळी, मधे फिरणारी तीन भिंगं आणि खाली उजेड पकडायला एक गोल आरसा. विजेचा दिवा माझ्या नशिबी नव्हता. तेव्हा त्याचं वाईट वाटलं होतं. पण आमच्या भागात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, आणि सूर्य मात्र बिचारा रोज कामावर येतो. त्यामुळे माझं कधी अडलं नाही. लाकडी पेटीत भुसा भरून मला इकडे पाठवलं, आणि पेटीचे खिळे ज्याने काढले तो शेषराव.

शेषराव दवाखान्यातला ड्रेसर. जखमा धुणं, पट्टी बांधणं, जनावर धरणं ही त्याची कामं. तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. आमचे पहिले डॉक्टर किसनराव. त्यांनी शेषरावाला शेणा-रक्ताचा थेंब काचेवर पसरून काचपट्टी बनवायला शिकवलं आणि सहा महिन्यांत तो डॉक्टरांच्या आधी ओळखू लागला. म्हशीच्या पोटातल्या चपट्या कृमीची अंडी, करडांच्या हगवणीतले बारीक जीव, असं किती सांगू! लोक माझं कौतुक करायचे. ‘दुर्बिणीनं चोर धरला’ म्हणायचे. एखादा हौशी शेतकरी मला डोळा लावून बघायचा, आणि बघताना दोन्ही डोळे मिटून घ्यायचा. वर ‘लई भारी दिसून राहिलं’ म्हणून मानही डोलवायचा.

किसनरावांच्या अठरा वर्षांत माझ्यासमोर हजारो काचपट्ट्या आल्या. पण कुत्र्याची पट्टी विचाराल तर सात-आठच असतील. किसनराव कधीकधी म्हणत, “शेषराव, गुरांचे जंत बहुधा गुरांपाशीच राहतात. कुत्र्याचे जंत माणसाच्या अंगात शिरतात. पण कुत्र्याला दवाखान्यात आणणार कोण?” शेषराव हसून मान हलवायचा. मीही ते ऐकलं आणि विसरलो. तो विसर आम्हा सगळ्यांना फार महाग पडला.

किसनराव निवृत्त झाले. नंतरच्या डॉक्टरांकडे तीन-तीन दवाखान्यांचा भार होता. नमुने जिल्ह्याला पाठवायचं ठरलं. अहवाल यायचा तोवर जनावर एक तर बरं झालेलं असायचं, नाही तर गेलेलं. मी कपाटात गेलो, लसीकरणाच्या जुन्या वह्यांशेजारी. कपाटाचं दार खिळखिळं होतं, त्यामुळे फटीतून दवाखान्यातलं बोलणं ऐकू यायचं, थोडंफार दिसायचंही. एवढीच काय ती माझी करमणूक.

पण मला कुणी विसरलं होतं असं म्हणता येणार नाही. आमचे शिपाई उत्तमराव मोठे भाविक. दरवर्षी खंडेनवमीला ते मला बाहेर काढत, पाटावर बसवत, झेंडूची माळ घालत आणि हळदकुंकू लावत. कुंकू कुठे लावायचं? तर डोळ्याला, आणि खालच्या तिन्ही भिंगांना. डोळा हाच दुर्बिणीचा देव, असं त्यांचं म्हणणं. मग वरून नारळाचं पाणी शिंपडत, हात जोडत आणि ओलं अंग तसंच पुन्हा कपाटात ठेवत. अशा बारा खंडेनवम्या झाल्या. भिंगावर कुंकवाचे थर चढले, आत बुरशी धरली, तीनपैकी दोन भिंगं आंधळी झाली. त्या बारा वर्षांत मला नमस्कार करणारे पुष्कळ भेटले. मला डोळा लावणारं कुणी भेटलं नाही.

मग गेल्या साली माघात तो शनिवार आला.

दुपारचे तीन वाजले असतील. डॉक्टर करुणाताई आमच्याकडे येऊन चार महिने झाले होते. वय लहान, बोलणं मोजकं, हिंगोलीतच वाढलेल्या. जवळच्या बंजारा तांड्यावरचा वसराम फुगलेल्या पोटाची शेळी घेऊन आला. सोबत त्याची पाच वर्षांची नात मैना होती. मैनाचे आईबाप ऊसतोडीला गेलेले, म्हणून ती वसराम आणि भिकाबाई या आजी-आजोबांजवळ असायची. करुणाताईंनी शेळीला तेल पाजलं, शेषरावाने तिची कूस चोळली. शेळी ढेकर देऊन मोकळी झाली. सगळं झाल्यावर करुणाताईंचं लक्ष पोरीकडे गेलं.

“बाबा, हिच्या डोळ्याला काय झालंय?”

“मंगळवारी काढायचा हाय, म्याडम,” शेळीची दोरी सोडवत वसराम म्हणाला.

“काय काढायचंय?”

“डोळा.”

 वसराम खाली बघत सांगत राहिला. “दिवाळीपून तिरपं बघून राहिली पोरगी. मंग बाहुलीत पांढरं दिसाय लागलं. शहरातल्या डोळ्याच्या दवाखान्यात नेलं. मशीनवर बघितलं. आत गाठ हाय म्हणले. कॅन्सर असल तर डोक्यात चढंल, डोळा ठिवला तर पोरगी जाईल. सोमवारी पहाटं निघायचं.” मग स्वतःचीच समजूत घातल्यासारखं तो म्हणाला, “आमच्या तांड्यावरल्या प्रेमदासच्या पोरीचा, सुनिताचाबी तीन साल झाले काढला. पोरगी जिती हाय. साळंत जाती. एका डोळ्यावर बी माणूस जगतंय की.”

“असेल तर, असं म्हणाले ना? नक्की नाही म्हणाले?”

वसरामने पिशवीतून फाईल काढली. करुणाताईंनी एकेक कागद वाचला. एका ओळीवर त्या थांबल्या. “बाबा, इथं लिहिलंय, घरी कुत्रं नाही, कुत्र्याशी संबंध नाही. हे त्यांनी तुम्हाला विचारलं होतं?”

“व्हय. दोनदा इचारलं. कुत्रं पाळता का म्हणले. म्या न्हाई म्हणलो, भिकाबी न्हाई म्हणली. खोटं काहून बोलावं? आमी कुत्रं पाळत न्हाई.”

करुणाताईंनी सुस्कारा टाकला आणि फाईल मिटली. तेवढ्यात उंबऱ्यावर बसलेल्या मैनाच्या कापडी पिशवीत काहीतरी वळवळलं. तिने पिशवीत हात घातला आणि एक तांबडं पिल्लू बाहेर काढलं. हातपाय काड्यांसारखे, पोट मात्र टम्म.

“म्याडम, ह्यालाबी तेल पाजा ना,” मैना म्हणाली. “ह्याचंबी पोट फुगलंय.”

“हे कुणाचं पिल्लू, बाळा?”

“लालीचं.”

“आणि लाली कुणाची?”

मैनाला प्रश्नच कळला नाही. वसरामने उत्तर दिलं, “लाली कुणाची न्हाई, म्याडम. तांड्याची हाय.”

मित्रांनो, काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. वसराम खोटं बोलला नव्हता. तांड्यावर कुत्रं कुणा एकाचं नसतं. वसरामचे आजे-पणजे बैलांवर धान्य-मीठ लादून मुलूखभर फिरायचे तेव्हापासून कुत्री सगळ्या तांड्याची राखण करायची आणि सगळ्या तांड्याचा तुकडा खायची. शहरातल्या डॉक्टरांनी ‘पाळता का’ विचारलं. पाळणं म्हणजे गळ्यात पट्टा, घरात जागा. ते तर वसरामकडे नव्हतं. म्हणून तो ‘न्हाई’ म्हणाला, आणि डॉक्टरांनी ते ‘नाही’ प्रामाणिकपणे लिहून घेतलं.

करुणाताई खुर्ची ओढून वसरामसमोर बसल्या आणि खोदून खोदून विचारू लागल्या. मग सगळं बाहेर आलं. लाली दरवर्षी कार्तिकात भिकाबाईच्या घरामागच्या खड्ड्यात विते. ती व्याली की तांड्यावरची लेकरं घरोघर फिरून पीठ, तेल, गूळ गोळा करतात आणि बाळंतिणीला शिरा करून घालतात. यंदा पुढारी मैना होती. खड्ड्यात पोतं तिनेच अंथरलं. यंदा काय, गेल्या सालीही दिवसभर ती पिल्लांजवळ, त्याच मातीत. भाकर खायची तीही तिथेच. हे सांगताना वसरामच्या आवाजात नातीचं कौतुक होतं. करुणाताईंनी फाईल पुन्हा उघडली.

“बाबा, नीट ऐका,” त्या म्हणाल्या. “पिल्लांच्या पोटात जंत असतात. आईच्या पोटातूनच येतात. त्यांची अंडी शीवाटे मातीत पडतात आणि वर्षानुवर्षं जिवंत राहतात. ती माती लेकराच्या हातावरून तोंडात गेली की आतली बारीक अळी अंगभर फिरते. एखादी डोळ्यात जाऊन बसते. तिथं पांढरी गाठ होते. दिसायला कॅन्सरसारखीच.”

“म्हंजे... कॅन्सर न्हाई?”

“ते मी नाही सांगू शकत. मी जनावरांची डॉक्टर आहे. पण तिथल्या डॉक्टरांच्या मनात ही शंका आली होती. तुम्ही नाही म्हणालात, म्हणून त्यांनी ती सोडली.”

 वसरामच्या हातातली शेळीची दोरी सुटली आणि शेळी बाहेर निघून गेली, तरी त्याने मागे वळून पाहिलं नाही. “माझ्या तोंडानं म्हणलो मी,” एवढंच तो दोनतीनदा बोलला.

करुणाताईंनी फाईलवरच्या नंबरला फोन लावला. डॉक्टर ऑपरेशनमधे आहेत, नंतर गावाला जाणार, सोमवारी रात्री येतील, काय ते लिहून पाठवा, असं उत्तर मिळालं. फोन ठेवून त्या म्हणाल्या, “नुसतं ‘दारात पिल्लू आहे’ असं लिहून काय उपयोग? पिल्लू कुणाच्या दारात नसतं? त्याच्या पोटात काय आहे ते दाखवायला पाहिजे. जिल्ह्याची प्रयोगशाळा आता सोमवारी उघडेल, अहवाल गुरुवारी येईल.” आणि ऑपरेशन मंगळवारी होतं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. “गुरुवारी घेऊन काय करू मी तो अहवाल?”

तेव्हा कोपऱ्यातून तेलाची बाटली हातात धरलेला शेषराव बोलला. “म्याडम, आपल्याकडं दुर्बीण हाय.”

बारा वर्षांनी कुणीतरी माझं नाव घेतलं. मित्रांनो, मला आनंद व्हायला हवा होता. पण मला भीतीच वाटली. माझी अवस्था माझी मलाच माहीत होती.

शेषरावाने मला व्हरांड्यातल्या टेबलावर आणलं. माझ्या तोंडाकडे बघून त्याच्या हातातलं फडकं तिथेच राहिलं. “उत्तमराव, हे काय केलं हो? देवच केला हिचा!”

उत्तमराव खाली मान घालून म्हणाले, “म्या मान दिला तिला. मला काय ठाव?”

बोलत बसायला वेळ नव्हता. शेषरावाने कापसाचा बोळा स्पिरिटमधे भिजवून कुंकू उतरवायला घेतलं. लाल पाणी माझ्या अंगावरून ओघळत होतं. एक भिंग धुतलं, पांढरं ते पांढरंच. दुसरंही तसंच. तिसरं, सगळ्यांत लहान, थोडंसं उघडलं. कडेला बुरशीचं जाळं होतं, पण मधे चण्याच्या डाळीएवढी जागा स्वच्छ होती. “एवढ्यात भागवू,” करुणाताई म्हणाल्या.

आता पिल्लाची शी हवी होती. वसराम उठला, “तांड्यावर लई पडली हाय, पळत जाऊन आणतो.” करुणाताईंनी त्याला थांबवलं. मातीत पडलेल्या जुन्या नमुन्यात मातीतलेच दुसरे किडे शिरतात, मग खरं-खोटं कळत नाही. ताजीच पाहिजे. उत्तमराव शेजारच्या हॉटेलातून दूध घेऊन आले. पिल्लू दूध प्यालं आणि खुशाल झोपलं. चार माणसं एका पिल्लाभोवती उकिडवी बसून त्याच्या शेपटीकडे बघत होती. एरवी मला हसू आलं असतं. सूर्य लिंबाच्या शेंड्यावरून खाली उतरत होता आणि वीज दुपारपासून नव्हती. मोबाईलच्या दिव्याचा उजेड माझ्या बुरशीपार जाईना, म्हणजे माझ्या आरशाला सूर्याशिवाय दुसरा आधार नव्हता, आणि सूर्य कुणासाठी थांबत नाही.

शेवटी मैनाने पिल्लाला उचललं, पायरीवर ठेवलं आणि त्याच्या पाठीवरून बोट फिरवत बसली. थोड्या वेळाने काम झालं.

शेषरावाने हॉटेलातूनच मीठ मागवलं. कोमट पाण्यात विरघळेनासं होईतो ते घातलं, त्यात नमुना कालवला, चहाच्या गाळणीने गाळला आणि इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत काठोकाठ भरला. वर पातळ काच ठेवली. दाट मिठाच्या पाण्यात जंताची अंडी तरंगून वर येतात आणि काचेला चिकटतात. त्याला वीस मिनिटं लागतात. ती वीस मिनिटं वसराम माझ्याकडे टक लावून बसला होता. एवढ्या आशेने मला कुणी कधी बघितलं नव्हतं, आणि मला ते सोसवत नव्हतं.

काच माझ्यासमोर आली. करुणाताईंनी डोळा लावला. बुडबुडे. चाऱ्याचे धागे. पुन्हा बुडबुडे. त्यांनी काच सरकवली. काही नाही. पुन्हा सरकवली, काही नाही. मी जीव तोडून बघत होतो, पण निम्मा उजेड माझ्याच बुरशीत अडकत होता. त्या काचेवर अंडी होती की नव्हती हे मलाही आजवर माहीत नाही. मित्रांनो, आंधळ्याला आपल्याला दिसत नाही हे तरी ठाऊक असतं. समोर काही नाही की मलाच दिसत नाही, हे ज्याला कळत नाही त्याची तडफड फार वाईट. माझ्यामुळे त्या पोरीचा डोळा जाणार, हे मनात आलं आणि मी मोडून पडलो असतो तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

“दुसरी लावू,” शेषराव म्हणाला. त्याने भिंग पुन्हा खोललं, तोंडाजवळ धरून त्यावर वाफ सोडली आणि आपल्या जुन्या बनियनच्या टोकाने हळूहळू पुसलं.  निवृत्तीला त्याला तीन महिने राहिले होते. “बारा साल झाले, एकदा तरी बाहेर काढायची होती मी,” तो पुटपुटला. दुसऱ्या बाटलीची वीस मिनिटं सरली तेव्हा ऊन व्हरांड्याच्या कठड्यावर वीतभर उरलं होतं. शेषरावाने टेबल कठड्याला लावलं आणि माझा आरसा त्या उन्हाकडे वळवला.

करुणाताईंच्या आधी मला दिसलं. गोल, गडद तपकिरी, आतून भरलेलं. भोवती जाड कवच आणि त्यावर शिंप्याच्या अंगुस्तानासारखे बारीक खळगे. शेजारी दुसरं, पलीकडे तिसरं. किसनरावांनी ज्या सात-आठ पट्ट्या दाखवल्या होत्या त्यांत मी हे पाहिलं होतं. मी विसरलो होतो, पण पाहताच ओळखलं.  करुणाताई बाजूला झाल्या आणि त्यांनी शेषरावाला पुढे केलं. त्याने बघितलं आणि नुसती मान हलवली.

त्यांनी मोबाईलचा कॅमेरा माझ्या डोळ्याला लावला. फोटो हलू नये म्हणून शेषरावाने त्यांचं मनगट धरलं. तिसरा फोटो नीट आला आणि लगेच ऊन गेलं. फोटो पाठवला, पण नेट नसल्याने तो जाईना. करुणाताईंनी हाताने चिठ्ठी लिहिली. पोरगी रोज पिल्लांत असते, घरच्यांचा ‘नाही’ हा गैरसमज होता, पिल्लात जंताची अंडी सापडली आहेत, कृपया पुन्हा विचार व्हावा. ती चिठ्ठी वसरामच्या हाती देत त्या म्हणाल्या, “ही आधी दाखवायची. दाखवल्याशिवाय पोरीला आत पाठवायचं नाही.” वसरामने चिठ्ठी कपाळाला लावली. मग तो घाईने म्हणाला, “न्हाई न्हाई, देवापुढं ठिवत न्हाई. दाखिवतो.”

तो उठणार तेवढ्यात शेषरावाने विचारलं, “वसराम, प्रेमदासच्या सुनिताचं घर कुठं?”

“माझ्या लगत.”

“तवाबी लाली तिथंच व्याली होती?”

वसरामने चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवली. “त्याच खड्ड्यात,” तो म्हणाला.

“तिचे कागद आहेत का कुठं?” करुणाताईंनी विचारलं.

“पेटीत असतील. प्रेमदास कारखान्यावरून आला की इचारतो.”

मैना पिल्लाला पोटाशी धरून बाहेर उभी होती. करुणाताईंनी ते तिच्याकडून घेतलं, दवाखान्यात ठेवून घेतलं आणि मैनाचे हात साबणाने दोनदा धुतले. मैना फार रडली. तिला वाटलं, पिल्लाचं काही चुकलं.

त्यानंतरचे दिवस मी टेबलावरच काढले. मला परत कपाटात ठेवायचा धीर कुणाला झाला नाही. मंगळवारी दुपारी फोन आला. डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली होती, मागाहून पोचलेला फोटो पाहिला होता आणि ऑपरेशन थांबवलं होतं. डोळ्याची सोनोग्राफी पुन्हा केली, रक्त तपासणीला पाठवलं. उत्तर यायला दहा दिवस लागणार होते. ते दहा दिवस करुणाताईंना जेवण गेलं नाही. आपल्या सांगण्यावरून डोळा ठेवला आणि आत खरंच कॅन्सर निघाला तर? हे त्यांनी शेषरावाला बोलून दाखवलं.  तो रोज सकाळी येऊन माझं भिंग पुसायचा, तेवढंच त्याच्या हातात होतं.

अकराव्या दिवशी कळलं. कॅन्सर नव्हता, जंताचीच अळी होती. डोळा काढावा लागला नाही. पण अळीने आत जो व्रण केला होता तो भरून येणार नव्हता. दिवाळीला आणलं असतं तर थोडी नजर वाचली असती, असं तिथले डॉक्टर म्हणाले म्हणे.

करुणाताईंनी मग तांड्यावरच्या एकोणीस कुत्र्यांचे नमुने माझ्याकडून तपासून घेतले. चौदांत अंडी निघाली. सगळ्यांना औषध दिलं, पंधरा दिवसांनी पुन्हा दिलं. खड्ड्याची माती उचलून दूर खोल गाडली आणि त्या जागेला काटेरी कुंपण घातलं. लेकरांचा शिरा मात्र त्यांनी बंद केला नाही. भिकाबाईला जंताच्या गोळ्या देऊन ठेवल्या आणि सांगितलं, “लाली व्याली की शिऱ्यात ही घालायची. पिल्लांना पंधराव्या दिवशी द्यायची. आणि पिल्लांजवळून उठलं की आधी हात धुवायचे, मग भाकर.” भिकाबाई म्हणाली, “बाळंतिणीला औषध लागतंयच की. हे कुणी आधी सांगितलं न्हाई.”

जूनमधे शाळा उघडायच्या आधी वसराम दोन्ही पोरींना घेऊन आला. मैनाने हट्ट धरला, तिला दुर्बिणीत बघायचं होतं. शेषराव निवृत्त झाला होता, पण त्या दिवशी मुद्दाम आला होता. त्याने तिला स्टुलावर उभं केलं. तिने नेमका आजारी डोळा मला लावला.

“काय दिसून राहिलं?” शेषरावाने विचारलं.

“उजेड,” ती म्हणाली. “बाकी काईच न्हाई.” मग मान वळवून तिने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, “हिलाबी एकच डोळा हाय का?”

सुनिता नऊ वर्षांची. एक डोळा काचेचा, फार हुशारीने बसवलेला, पण हलत नाही. ती काही न मागता उभी होती. तिच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती. प्रेमदासने पेटीतून शोधून दिलेला कागद तिच्यात होता. ऑपरेशननंतर दोन महिन्यांनी तो टपालाने आला होता. प्रेमदास तेव्हा कारखान्यावर होता. कागद इंग्रजीत होता, दवाखान्याचा शिक्का होता, म्हणून घरच्यांनी तो जपून ठेवला. रेशनकार्डाच्या घडीत, तीन वर्षं. खराब होऊ नये म्हणून वरून प्लास्टिक घातलं. वाचून मात्र कुणाकडून घेतला नाही.

करुणाताई वाचू लागल्या. अर्ध्यावर येऊन त्या पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागल्या.

“काय लिवलंय, म्याडम?” सुनिताने विचारलं.

त्या तिला खोटं सांगू शकल्या असत्या. मला वाटतं, क्षणभर तसं त्यांच्या मनातही आलं. मग त्या तिच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या. “तुझा काढलेला डोळा त्यांनी तपासला होता, बाळा. कॅन्सर नव्हता. आत जंताची अळी होती. मैनाला झालं तेच.”

सुनिताने मैनाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “मंग काहून काढला?”

व्हरांड्यात चार मोठी माणसं होती. तो कागद एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात फिरला.

मित्रांनो, तो कागद पेटीत होता आणि मी कपाटात होतो. आम्हा दोघांना लोकांनी फार जपलं. त्याला प्लास्टिकमधे घातलं, मला कुंकू लावलं. तो कुणी वाचला असता तर तो खड्डा तीन वर्षांपूर्वीच बुजला असता आणि मैनाचे दोन्ही डोळे आज शाबूत असते. मला कुणी वर्षातून एकदा जरी उन्हात नेलं असतं, तर लालीच्या पोटात काय आहे ते मी केव्हाच सांगितलं असतं. तुमच्या शाळेत, दवाखान्यात, घरात माझ्यासारखं काही ठेवलेलं असेल तर त्याच्या पाया पडू नका. त्याला पुसा, उघडा आणि कामाला लावा. दारात पिल्लू असेल तर त्याला जंताचं औषध द्या, आणि डॉक्टरांनी विचारलं तर ते कुणाचं आहे हे न बघता ‘आहे’ म्हणा.

परवा खंडेनवमी झाली. उत्तमराव हळदकुंकवाचं ताट घेऊन आले, माझ्यासमोर उभे राहिले आणि ताट बाजूला ठेवून त्यांनी कापसाचा बोळा घेतला. माझा डोळा त्यांनी स्वच्छ पुसला. सुनिता त्या दिवशी गाभण लालीचा नमुना घेऊन आली होती. तिने तिचा एक डोळा माझ्या एका डोळ्याला लावला आणि कुणी हाक मारेपर्यंत उचलला नाही.